चादरींवाचून अडलेली शर्यत

आमच्या गावात उन्हाळा आला हे उन्हावरून कळत नाही, धक्क्यावरच्या फळ्यावरून कळतं. डोंगरांच्या वाटीत आमचं तळं. हिवाळाभर ते आणि आम्ही दोघेही गारठून गप्प पडलेले असतो. थंडी ओसरली की होडीमंडळाचे लोक धक्क्यावर काळा फळा टांगतात आणि त्यावर खडूने उन्हाळ्याचे बेत लिहितात. पहिली होडी पाण्यात कधी उतरायची, ओझ्याच्या होड्यांची शर्यत कधी, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत, मोठा दिवस कधी. मोठ्या दिवशी आधी शिडाच्या होड्या सुटतात आणि त्या परतल्या की जोडीची शर्यत, म्हणजे एका होडीत दोघांनी वल्ही मारायची.

फळा टांगला की घरोघर जुळवाजुळव सुरू. न्हावी त्या दिवशी दुकान बंद ठेवतो. दातांचा डॉक्टर दाढ उपटायच्या तारखा मागेपुढे करतो, कारण सुजलेल्या गालाने होडीत बसलं की लोक हसतात. माझ्या मेव्हण्याने तर मुलगी पाहायला जायच्या आधी फळा पाहिला होता. मुलगी चांगली निघाली म्हणून बरं, नाहीतर सासरेबुवांनी फळ्यालाच नकार कळवला असता.

अशा या गावात एकाच बाईचा उन्हाळा उलट्या बाजूने ठरायचा. त्या म्हणजे आमच्या विहीणबाई, माझ्या सूनबाईच्या आई. तळ्याच्या पलीकडच्या काठावर उतारावर जे मोठं हॉटेल आहे, तिथल्या लॉन्ड्रीच्या त्या मुख्य. शर्यत पाहायला पाहुणे येणार म्हणजे खोल्या भरणार, खोल्या भरल्या म्हणजे चादरी निघणार. गावाची मजा ज्या दिवशी, त्या दिवशी विहीणबाईंचा घाण्याचा बैल व्हायचा. तळ्याकाठी जन्म गेला, पण हॉटेलात लागल्यापासून मोठा दिवस त्यांनी कधी पाहिला नव्हता. ऐकला होता मात्र दरवर्षी. भोंगा वाजला की यंत्रांच्या घरघरीतून त्या कान देऊन म्हणायच्या, "सुटले वाटतं." आणि पुढची बादली उचलायच्या.

व्याही-विहीण म्हणून त्यांची माझी पहिली भेट लग्न ठरवताना झाली. आम्ही पाहुण्यांसाठी पलंगावर नवी चादर घातली होती. बाई आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या, आणि बोलता बोलता चादरीचं टोक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून त्यांनी चोळून पाहिलं. मग माझ्या बायकोकडे वळून हळूच म्हणाल्या, "नीळ जरा जास्त पडलीय, नाही का?" आमची ही त्या दिवसापासून विहीणबाईंना मानते आणि घाबरतेही. त्या येणार म्हटलं की घरातले पडदे आदल्या दिवशीच निघतात.

बोलायला मात्र बाई कमी. लोक म्हणतात स्वभाव. मी म्हणतो, चिमटे. कपडे वाळत घालताना त्यांच्या ओठांत कायम चार-पाच चिमटे धरलेले असतात, तर बोलणार कुठून? चिमटे संपले की मग बघावं. एकदा मॅनेजर त्यांना काहीतरी शिकवायला उतारावर आला. चिमटे असेपर्यंत बोलत राहिला. शेवटचा चिमटा दोरीवर लागला तसा तो शहाणा माणूस घड्याळ बघून निघून गेला.

तर त्या वर्षी काय झालं, विहीणबाईंचा उजवा खांदा कुरकुर करायला लागला. हाडांच्या डॉक्टरने फोटो काढला, उजेडात धरला आणि सांगितलं, उन्हाळा संपला की ऑपरेशन करू. खांदा बरा होईल, पण पुढे जड ओढायचं नाही. ओल्या चादरींच्या बादल्या दुसऱ्यांनी उचलायच्या.

"आणि वल्हं?" विहीणबाईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाला, "वल्हं आता विसरायचं, आजी."

त्याला वाटलं, आजी गंमत करतायत. त्याला काय माहीत, हॉटेलात लागायच्या आधी, फ्रॉक घालायच्या वयात, ही बाई वडिलांच्या होडीतून दुधाचे कॅन या काठावरून त्या काठावर न्यायची, आणि दूध हिंदकळायचं नाही. आम्हा पोरांना ती पाण्यावर कधी सापडली नाही. आम्ही निम्म्यात असताना ती रिकामे कॅन घेऊन परत येताना भेटायची, आणि वर हसायची.

दवाखान्यातून त्या थेट आमच्याकडे आल्या. मी मागच्या पडवीत खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होतो. मी सुतार. आता हात थांबलेत, पण एखादी खिडकी अडून बसली तर मला बोलावतात.

"व्याही," त्या म्हणाल्या, "तुमची होडी अजून तरंगते का?"

"तरंगते. उजवीकडे ओढते जरा."

"मोठ्या दिवशी जोडीच्या शर्यतीत बसाल माझ्याबरोबर?"

मी रंधा खाली ठेवला. व्याही आणि विहीण एका होडीत, हे गावाने पाहिलेलं नव्हतं. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आमच्या हिने सगळं ऐकलं होतं, भिंती काही फार जाड नाहीत. ती पदराला हात पुसत दारात आली.

"जा की," ती म्हणाली. "दोघं बुडालात तर पोरांचे दोन्हीकडचे म्हातारे एकाच दिवशी मिटतील."

"त्या बुडत नाहीत," मी म्हणालो.

"मग तुम्हाला बाहेर काढायला तरी कुणीतरी असेल."

झालं, ठरलं. पण ठरवणं सोपं आणि जमवणं अवघड. विहीणबाईंनी आमच्या जेवणाच्या टेबलावर बोटाने रेघा ओढून सगळा उन्हाळा मांडला. इथे पहिली होडी, इथे ओझ्याच्या होड्या, इथे मोठा दिवस. मोठ्या दिवशी दोरीवर एकही चादर असता कामा नये. त्यासाठी आदल्या दिवशी सगळ्या खोल्या बदलून, धुऊन, इस्त्री करून कपाटात. त्यासाठी त्याच्या आदल्या दिवशी निम्म्या. त्यासाठी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचं, की एक रात्र त्याच चादरीवर झोपलात तर आकाश कोसळणार नाही. मॅनेजर ऐकेल का, ही शंका होती. त्याने ऐकलं. एवढ्या वर्षांत बाईंनी त्याच्याकडे काहीच मागितलं नव्हतं, त्यामुळे नाही कसं म्हणायचं याची त्याला सवयच नव्हती.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही सरावाला जायचो. विहीणबाई मागच्या फळीवर, मी त्यांच्या पाठीशी पुढच्या फळीवर. वल्हं मारणाऱ्याचं तोंड कायम मागे असतं, हे ज्यांनी होडी मारली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जायचं एकीकडे आणि बघायचं दुसरीकडे. मला सगळा वेळ विहीणबाईंचा अंबाडा दिसायचा. मान वळवून पुढचं बघायचं काम माझं.

होडी माझ्या हातची. माझ्या हातून खिडक्या सरळ होतात, होडी मात्र जन्मापासून उजवीकडे ओढते. कितीदा तळ तासला, कितीदा डांबर लावलं, खोड गेली नाही. पण पहिल्याच सकाळी एक नवल झालं. होडी सरळ चालली, अगदी ओळंब्यात. मी परत परत मान वळवून पाहिलं. मग उमगलं. विहीणबाईंचा उजवा खांदा दुखरा, म्हणून उजवा हात कमी पडतो. उलटं बसल्यामुळे त्यांचा उजवा हात होडीच्या डाव्या बाजूला. डावीकडचा जोर कमी पडला की होडी डावीकडे वळू बघते, आणि माझी होडी मुळातच उजवीकडची. होडीची खोड आणि खांद्याचं दुखणं, दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं.

मी हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे बरी असते तर आपण गोल गोल फिरलो असतो."

"फिरलो असतो."

"डॉक्टरला कळवायला हवं."

मोठा दिवस उजाडला. ऊन असं पडलं होतं की डोंगरसुद्धा धुऊन वाळत घातल्यासारखे दिसत होते. धक्का माणसांनी फुलला होता. शिडाच्या होड्या रांगेत डुलत होत्या. आम्ही दोघं आमच्या होडीजवळ उभे. विहीणबाईंनी डोक्याला रुमाल बांधला होता, इस्त्रीचा. सूनबाई आईकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती, कुणाची काळजी आधी करावी हे तिचं ठरत नव्हतं.

होडीमंडळाचे प्रमुख म्हणजे आमचे भोंगेवाले. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता शर्यतीचा भोंगा वाजवतात. तर भोंगेवाल्यांनी भोंगा तोंडाला लावला, डोळे बारीक करून पलीकडच्या काठाकडे पाहिलं, आणि भोंगा खाली घेतला. परत लावला. परत खाली.

शिडाच्या होड्यांतून ओरड आली. "अहो, फुंका की."

"फुंकू काय," भोंगेवाले म्हणाले, "चादरी कुठायत?"

सगळ्या धक्क्याने माना वळवल्या. पलीकडचा उतार हिरवागार, रिकामा. नुसत्या दोऱ्या.

आता हे समजावून सांगायला हवं. आमच्या तळ्यावर वारा लबाड. या काठाला एक असतो, त्या काठाला दुसरा. सकाळी हॉटेलमागच्या खिंडीतून खाली येतो, दुपारकडे खालून वर जातो, आणि मध्ये कधी मत बदलेल ते सांगता येत नाही. शिडाच्या होड्या वळसा घालतात तो नारिंगी गोळा हॉटेलच्या काठाजवळच तरंगत असतो. तिथे वारा कसा आहे हे इथून कळायचं कसं? तर आमचे सगळे होडीवाले, त्यांचे बाप आणि त्यांच्याही आधीचे, हॉटेलच्या चादरी बघायचे. चादरी तळ्याकडे फुगल्या तर खिंडीचा वारा. हॉटेलकडे फुगल्या तर खालचा. लोंबल्या तर घरी जा. "आज चादरी कशा आहेत?" हे आमच्याकडे "काय, बरं आहे ना?" या चालीवर विचारतात. मोठ्या दिवशी चादरी नाहीत, असं कधी झालंच नव्हतं. पाहुणे असायचे, धुणं असायचं. म्हणून टेबलावर बेत मांडला तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही.

विहीणबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्या आयुष्यभर चादरींच्या पलीकडच्या बाजूला उभ्या होत्या.

"माझ्या चादरी?" त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्या चादरी बघता?"

"मग काय बघतो?" भोंगेवाले म्हणाले.

"आणि इतक्या वर्षांत मला कुणी बोललं नाही?"

भोंगेवाले गोंधळले. "त्यात बोलायचं काय, बाई? डोंगराला कुणी जाऊन सांगतं का, की तू डोंगर आहेस म्हणून?"

एकाने झेंडे लावायचं सुचवलं. दुसरा म्हणाला, झेंड्याची सवय नाही, त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार. बेकरीवाला शिडाच्या शर्यतीत दरवर्षी पहिल्या तिघांत असतो. तो म्हणाला, "कपाटातल्या काढून लावा की थोड्या." विहीणबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने त्यांचे दात उसने मागितले होते. इस्त्रीच्या चादरी, परत दोरीवर? पण तेवढ्यावरही भागत नव्हतं. भोंगेवाले म्हणाले, कोरडी चादर हलकी, ती जरा फुंकर आली तरी उडते, उगाच आरडाओरडा करते. ओली पाहिजे. जड. तीच आम्हाला वाचता येते.

म्हणजे भिजवा, पिळा, वाळत घाला. आदल्या दिवशीची सगळी मेहनत पाण्यात. आणि शिडाच्या होड्या सुटल्याशिवाय जोडीची शर्यत नाही.

विहीणबाईंनी डोक्याचा रुमाल सोडला, नीट घडी केली आणि खिशात ठेवला. "व्याही," त्या म्हणाल्या, "मला पलीकडे सोडा. मी लावते."

मला दिसत होतं, पिळून आणि उचलून झाल्यावर त्या खांद्यात वल्हं मारण्याइतकं काही उरणार नव्हतं. त्यांनाही ते दिसत होतं. सूनबाईने आईचा हात धरला.

तेव्हा आमची ही बोलली. ती आपली धक्क्यावर छत्री घेऊन बसली होती. म्हणाली, "वारा कुणाला हवाय?"

बेकरीवाल्याने हात वर केला.

"ज्यांना हवाय त्यांना हात नाहीत का?"

पुढचं मी जन्मभर सांगत राहीन. शिडाच्या सगळ्या होड्या शिडं न उभारता, वल्ही मारत, पलीकडे गेल्या, सगळ्यांत पुढे विहीणबाईंना घेऊन माझी. धडधाकट होडीवाले, उन्हाने रापलेले, एकेकाचे दंड माझ्या मांडीएवढे. विहीणबाईंनी त्यांना लॉन्ड्रीच्या दारात अडवलं आणि आधी साबणाने हात धुवायला लावले. नखं तपासली. बेकरीवाल्याला परत पाठवलं.

"माझे हात रोज पिठात असतात," तो म्हणाला.

"पीठच आहे ते नखांत," त्या म्हणाल्या. "जा."

मॅनेजर दारात उभा राहून बघत होता. त्याला एक बादली मिळाली.

पिळणं त्यांना जमलं. पण वाळत घालणं? अहो, त्यांनी आयुष्यात शिडंच बांधलेली. प्रत्येकाने चादर ताणली आणि चारही टोकं अशा गाठी मारून आवळली की वादळातही सुटू नयेत. वरची दोन वरच्या दोरीला, खालची दोन खालच्या खुंट्यांना. सगळे मागे सरून आपलं काम बघत उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. तेवढ्यात खिंडीतून वारा उतरला. चादरी फुगल्या, दोऱ्या ताणल्या आणि कोपऱ्यातला खांब दाढ हलावी तसा मुळातून हलायला लागला. हॉटेल तळ्यात निघतंय की काय असं वाटलं.

विहीणबाई वरून चालत आल्या. ओठांत चिमटे नव्हते.

"चादर आहे ती," त्या म्हणाल्या. "ती कुठे जायची नाहीये. खालची टोकं सोडा. सोडा म्हणते. तुम्ही सोडा आधी, घरी आईने काही शिकवलं नाही का? वर दोन चिमटे. दोन. हे काय, चिमटा उलटा. तुमचं लग्न झालंय? बायको काय करते मग, नशिबाला रडते?"

एवढं बोलताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. आणि एवढे मोठे बाप्ये इतक्या आनंदाने बोलणी खाताना तर नाहीच. खालची टोकं सुटली तशा चादरी हलल्या, एका लयीत, सगळ्या तळ्याकडे. होडीवाल्यांच्या तोंडून एकदमच "हां" निघालं. वाचता आल्या त्यांना.

सगळे धक्क्यावर परतलो. शिडाच्या होड्या सुटल्या, गेल्या, आल्या. बेकरीवाला पहिला आला. म्हणाला, हात धुतल्यामुळे.

मग आमची पाळी. धक्क्यावर जोड्या लागल्या. दोघे जावई-सासरे, शाळेच्या दोन बाई, टपालातले भाऊ, आणि आम्ही. आमची ही धक्क्याच्या टोकाला येऊन वाकून मला म्हणाली, "त्यांचा खांदा दुखला तर सांगणार नाहीत त्या. तुम्ही आपले जोरात ओढा." भोंगा वाजला.

विहीणबाई सुरुवातीला दुधाचे कॅन नेल्यासारख्या निघाल्या, हिसका नाही, आवाज नाही. गोळ्याकडे पोचलो तेव्हा आम्ही चार जोड्यांत दुसरे होतो. मी माझ्या श्वासाला सांभाळत होतो. गोळ्याला वळसा घातला आणि परतीला लागलो, तशी आमची तोंडं हॉटेलच्या उताराकडे झाली. काठापासून जरा दूर आलो आणि विहीणबाईंचं वल्हं थांबलं.

मला वाटलं, खांदा गेला.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"व्याही," त्या म्हणाल्या, "बघा तरी."

मी बघितलं. उतारभर चादरी, हिरव्यावर पांढऱ्या, सगळ्या एकदम आत जायच्या आणि एकदम बाहेर यायच्या, जणू डोंगरच श्वास घेतोय. मी त्या शेकडो वेळा पाहिल्या होत्या. त्यांनी मात्र स्वतःच्या चादरी इतक्या लांबून, पाण्यावरून, पहिल्यांदा. आम्ही तसेच वाहत राहिलो. टपालातले भाऊ शेजारून गेले. म्हणाले, "काय आजी, दमलात?" शाळेच्या बाईही गेल्या.

"किती दिसतात हो," विहीणबाई म्हणाल्या. मग मान तिरकी करून, "तिसरी वाकडी लावलीय. मॅनेजरचीच असणार."

आणि एकदम वल्ही पाण्यात घातली. अहो, काय सांगू. मला माझी वल्ही त्यांच्या तालात बसवायला पळापळ करावी लागली. पाणी दोन्ही बाजूंनी पिचकारीसारखं मागे जात होतं. अंबाडा सुटला आणि केस वाऱ्यावर. त्या केसांमागून कधी हुंकार यायचा, कधी हसू. शाळेच्या बाईंना आम्ही मागे टाकलं, आणि त्या दोघी वल्ही सोडून, माना वळवून आमच्यासाठी टाळ्या वाजवत राहिल्या, त्यामुळे त्या जरा जास्तच मागे पडल्या.

धक्क्याला होडी लागली. आमच्या हिने हात दिला, सूनबाईने दुसऱ्या बाजूने धरलं. लोक काहीबाही ओरडत होते.

"कितवे आलो?" मी विचारलं.

"तिसरे," ही म्हणाली. "विहीणबाई, पहिलं कोण आलं ते पाहिलंत का? अगदी वीतभराचा फरक होता."

"मी कुठून बघणार?" विहीणबाई केस गोळा करत म्हणाल्या. "माझं तोंड तिकडे होतं."

खांदा त्यांनी डाव्या हाताने धरला होता. सूनबाईने विचारलं, "आई, खूप दुखतोय?"

"दुखतोय," त्या म्हणाल्या, आणि आमच्या हिच्या शेजारी छत्रीखाली जाऊन बसल्या. मग पाय लांब करून, पहिल्यांदाच काहीही हातात न घेता, त्यांनी पलीकडे पाहिलं. थोड्या वेळाने भोंगेवाल्यांना हाक मारली. "अहो, त्या वाळल्या असतील आता. त्या तुमच्या पहिलवानांना सांगा, उतरवताना घडी कशी घालायची ते मी इथूनच ओरडून सांगते."